मोठं भांडण सर्वांत शेवटी
असमाधानी संसारासाठी आठ आठवड्यांची कृती

नवरा-बायकोचा समेट घडवायला बसलं की सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने होते. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी जमतात, सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत मोठा विषय पहिल्यांदा निघतो, आणि तासाभरात दोघं आधीपेक्षा जास्त दुखावून उठतात. बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे दवाखान्यात ज्याला सीबीटी म्हणतात, त्याचा क्रम याच्या नेमका उलटा आहे. आधी भांडण थांबवायला शिकायचं, मग रोजच्या वागण्यात थोडा ओलावा आणायचा, मग मनात झटकन उमटणारे अर्थ तपासायचे, मग बोलणं-ऐकणं शिकायचं. ज्या विषयाने घरातली शांतता गेली, तो सर्वांत शेवटी हातात घ्यायचा. हा क्रम मोडला की बाकीचं सगळं नीट करूनही हाती फारसं लागत नाही.

या पद्धतीच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. प्रसंग आणि राग यांच्या मध्ये एक अर्थ असतो. नवरा उशिरा आला हा प्रसंग. ‘याला घराची पर्वा नाही’ हा अर्थ. राग येतो तो या अर्थामुळे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून हाच धागा धरून उपचारपद्धती उभी केली आणि १९६१ मध्ये रॉबर्ट हार्पर यांच्यासोबत विवाहावर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. अ‍ॅरन बेक यांनी १९८८ मध्ये, केवळ प्रेम संसाराला पुरत नाही, हे सांगणारं पुस्तक जोडप्यांसाठी लिहिलं. नॉर्मन एपस्टीन आणि डोनाल्ड बॉकम यांनी पुढे या पद्धतीला जोडप्यांच्या उपचाराचं नीटस रूप दिलं. महाराष्ट्रात एलिस यांचा विचार रुजवला तो मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता. १९९० मध्ये ठाण्यात सुरू झालेल्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी एलिस यांचा विचार मराठी घरांपर्यंत नेला.

संसारात मात्र एक गुंतागुंत वाढते. एकाचं वागणं हाच दुसऱ्यासाठी प्रसंग ठरतो. ती गप्प बसते, त्याला वाटतं ‘हिला माझा कंटाळा आलाय’, म्हणून तो मोबाइल घेऊन ओसरीत जातो. ते पाहून तिला वाटतं ‘याला माझ्याशी बोलायचंच नाही’, आणि ती आणखी गप्प होते. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि दोघं मिळून गाठ आवळत असतात.

पुढची कृती कळमेश्वरसारख्या गावातलं जोडपं समोर ठेवून बसवली आहे. नागपूरपासून वीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं ठिकाण. एमआयडीसीतल्या शिफ्टा, कामासाठी नागपूरचं रोजचं जाणं-येणं, पाठीमागे कापूस आणि संत्र्याची शेती, आणि दोन खोल्यांत तीन पिढ्या. समुपदेशकाकडे दर आठवड्याला जायचं तर एक रोजी बुडते. उदाहरणासाठी एक कल्पित जोडपं धरू. तो कारखान्यात शिफ्टने कामाला. ती घरी शिवणकाम करते आणि महिला बचत गटाचा हिशेब सांभाळते. लग्नाला नऊ वर्षं झालेली, दोन मुलं, सासू सोबत, आणि मोहप्याकडे भावांत सामायिक संत्र्याची बाग.

आधी हे तपासा

ही कृती नाराज, कंटाळलेल्या, सतत खटके उडणाऱ्या जोडप्यासाठी आहे. खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर ती घरी करू नका.

१. मारहाण, धमकी, पैसे किंवा मोबाइल हिसकावणं, कोंडून ठेवणं. जिथे एकाला दुसऱ्याची भीती वाटते तिथे मनातलं उघड करणं धोक्याचं ठरतं. तिथे आधी सुरक्षितता. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली संरक्षण मागता येतं. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.

२. दारूचं किंवा दुसरं व्यसन. नशेत ठरलेलं सकाळी उरत नाही. आधी व्यसनावर उपचार.

३. जीव द्यावासा वाटणं, महिनोन्‌महिने झोप उडणं, पुरावा नसताना पक्का संशय. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञच हवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

४. बाहेर चालू असलेले संबंध, जे थांबवायची तयारी नाही.

साहित्य आणि तयारी

दोन शंभर पानी वह्या, प्रत्येकाची वेगळी. तिसरी एक लहान वही दोघांची मिळून. मोबाइलमधलं टायमर. आठवड्यातून दोन बैठका, प्रत्येकी अर्धा तास. रोज रात्री पाच मिनिटं लिहिणं.

जागा आधी ठरवा. लहान घरात भिंतींना कान असतात आणि सासूबाईंना ‘हे दोघं बंद दाराआड काय बोलून राहिले’ ही काळजी लागते. गच्ची चालेल, बागेचा धुरा चालेल, अदासा किंवा धापेवाड्याला देवदर्शनाला जाऊन आवारात बसलात तर कुणी विचारणारही नाही. मात्र नाइट शिफ्ट करून आलेल्या सकाळी, उपाशीपोटी किंवा मुलं झोपायच्या वेळी बसू नका. शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर रविवारीच पुढच्या दोन बैठकांची वेळ लिहून ठेवा.

वही तिसऱ्याला दाखवायची नाही. माहेरी नाही, सासरी नाही, मित्राला नाही. एकमेकांचीही न विचारता उघडायची नाही. लिहिणं जड जात असेल तर स्वतःच्या मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करा, नियम तोच.

पहिला आठवडा: थांबायचं कसं

कृती १. थांबण्याचा एक शब्द ठरवा. ‘ब्रेक’, ‘पाणी’, काहीही. तो दोघांपैकी कुणीही, कधीही म्हणू शकतो.

कृती २. जो थांबवेल त्यानेच परत येण्याची वेळ सांगायची. ‘आता थांबू, नऊ वाजता बोलू.’ वेळ न सांगता उठून जाणं म्हणजे अबोला, आणि अबोला हा भांडणाचाच भाग. किमान वीस मिनिटं, जास्तीत जास्त एक दिवस. जोडप्यांच्या भांडणांचा प्रयोगशाळेत अभ्यास करणाऱ्या जॉन गॉटमन यांना असं दिसलं की भांडताना छातीची धडधड फार वाढली की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूच येत नाही, आणि शरीर शांत व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात.

कृती ३. त्या वीस मिनिटांत पुढचा मुद्दा घोळवायचा नाही. भांडी घासा, जनावरांना पाणी दाखवा, चालून या. मनात उत्तराची तयारी चालू राहिली तर परत येताना माणूस दुप्पट तापलेला असतो.

कृती ४. आपापल्या वहीत, एकमेकांना न दाखवता, चार गोष्टी लिहा: (अ) संसाराबद्दलचं समाधान, ० ते १० मध्ये, (आ) खुपणाऱ्या तीन गोष्टी, (इ) अजूनही आवडणाऱ्या तीन गोष्टी, (ई) या बिघाडात माझा वाटा काय. चौथ्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं तर त्या रात्री वही मिटू नका.

कृती ५. खुपणारी गोष्ट अशी लिहा की तिचा फोटो काढता आला पाहिजे. ‘लक्ष देत नाही’ याचा फोटो निघत नाही. ‘जेवताना मोबाइल पाहतो’ याचा निघतो. ‘उद्धट आहे’ याचा निघत नाही. ‘आईसमोर माझ्यावर ओरडली’ याचा निघतो. तक्रार स्वभावावर असेल तर समोरच्याला स्वभाव बदलावा लागतो, आणि तो एका आठवड्यात कुणाचा बदलला आहे? वागणं बदलता येतं.

दुसरा आठवडा: तक्रारीआधी चांगुलपणा

कृती ६. प्रत्येकाने दहा लहान गोष्टींची यादी करायची, समोरच्याने केल्या तर मला बरं वाटेल अशा. चार अटी आहेत: गोष्ट नेमकी असावी, रोज करता येण्याजोगी असावी, तिला पैसे लागू नयेत, आणि सध्याच्या भांडणाशी तिचा संबंध नसावा. ‘सेकंड शिफ्टहून आलो की जेवले का म्हणून विचारणं.’ ‘मशिनवर बसली असताना चहा आणून देणं.’ ‘मुलांचा अभ्यास त्यांनी घेणं.’ ‘नागपूरला पोचल्यावर एक फोन.’ यादीत ‘आईला समजावणं’ आलं तर खोडा. तो विषय पुढे आहे.

कृती ७. याद्या बदला आणि रोज त्यातल्या दोन गोष्टी करा. समोरचा करतो की नाही हे पाहायचं नाही. रिचर्ड स्टुअर्ट यांनी हा उपाय वापरात आणला. सुरुवातीच्या काळात ‘तू हे कर, मग मी ते करीन’ असे करार करून पाहिले जात. पण तसं ठरलं की दोघंही एकमेकांची चूक मोजत बसतात. म्हणून आपली बाजू आपण, न मोजता.

कृती ८. रात्री वहीत एक ओळ: आज समोरच्याने केलेली एक चांगली गोष्ट. हे दिसायला सोपं आणि करायला सर्वांत अवघड. १९८० च्या एका अभ्यासात घरी जाऊन पाहणाऱ्या निरीक्षकांनी जोडप्यांच्या चांगल्या वागण्याची नोंद ठेवली आणि जोडप्यांनाही ठेवायला सांगितली. दुःखी जोडप्यांनी त्यातलं निम्मंच टिपलं होतं. चांगलं घडत होतं, दिसत नव्हतं. आठवड्याच्या शेवटी त्या सात ओळी एकमेकांना वाचून दाखवा. ‘पण’ न जोडता.

तिसरा आणि चौथा आठवडा: मनातलं वाक्य पकडा

आता मुख्य काम. वहीच्या पानावर पाच रकाने आखा: प्रसंग, मनात आलेलं वाक्य, भावना आणि तिची तीव्रता ० ते १००, मी काय केलं, आणि पडताळणी. पाचवा रकाना पहिले चार दिवस रिकामा ठेवा. आधी नुसतं पकडायला शिका.

आपल्या जोडप्याचा एक प्रसंग घेऊ. सेकंड शिफ्ट संपून तो साडेअकराला घरी यायला हवा. तो दीडला आला, फोन बंद.

तिची नोंद:
प्रसंग: दोन तास उशीर, फोन बंद.
वाक्य: ‘मी मेली काय, जगली काय, ह्यांना काही नाही.’
भावना: राग ८०, भीती ६०.
मी काय केलं: दार उघडलं, ताट वाढलं नाही, पाठ करून झोपली.

त्याची नोंद:
प्रसंग: घरी आलो, ताट नाही, बोलणं नाही.
वाक्य: ‘राबून येतो त्याची या घरात किंमत नाही.’
भावना: राग ७०, वाईट वाटणं ५०.
मी काय केलं: उपाशी झोपलो, सकाळी आईजवळ पुटपुटलो.

शेवटच्या दोन शब्दांकडे पाहा. आईजवळचं पुटपुटणं हा तिच्यासाठी दुसऱ्या दिवशीचा प्रसंग. नोंदी शेजारी ठेवल्या की साखळी दिसते, आणि ती कुठे तोडायची तेही दिसतं.

कृती ९. पाचवा रकाना भरा. चार प्रश्न: हे वाक्य खरं असल्याचा पुरावा काय? विरुद्ध पुरावा काय? या वागण्याचं दुसरं कारण काय असू शकतं? माझ्या भावाने किंवा मैत्रिणीने हेच केलं असतं तर मी काय अर्थ लावला असता?

तिचं उत्तर असं उतरेल: ‘गेल्या महिन्यात मुलीला ताप होता तेव्हा ह्यांनीच सुटी टाकली. पुढच्या शिफ्टचा माणूस आला नाही तर थांबावं लागते. चार्जर घरीच राहिला होता. पण दुसऱ्याच्या फोनवरून सांगता आलं असतं, हेही खरं.’ राग ८० वरून ४५. राग शून्यावर आणायचा हट्ट नाही. पंचेचाळीसच्या रागात माणूस बोलू शकतो, ऐंशीच्या रागात नाही.

कृती १०. आपल्या वाक्यांत खालच्या सवयी शोधा.

मनकवडेपणा: न विचारता समोरच्याच्या मनातलं कळल्याचा भरवसा.
सगळं किंवा काहीच नाही: ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘एकदाही’ असे शब्द.
शिक्का मारणं: एका चुकीवरून ‘आळशी’, ‘कंजूस’, ‘माहेरवेडी’.
हेतू चिकटवणं: स्वतःच्या उशिराला बस कारण, त्याच्या उशिराला स्वभाव कारण.
पुढचं ठरवून टाकणं: ‘बोलून काय उपयोग, भांडणच होईल.’

एक सक्त नियम: सवयी स्वतःच्या वहीत शोधायच्या. ‘तू आता मनकवडेपणा करून राहिली’ हे वाक्य घरात ऐकू आलं की औषधाची काठी झाली असं समजा.

कृती ११. वाक्य तपासून खरंच ठरलं तर? तसंही होतं. तो खरोखरच मित्रांसोबत बसला होता आणि फोन मुद्दाम बंद ठेवला होता, असं निघेल. मग ते वाक्य रंगसफेदी करून गोड करायचं नाही. ते ‘सोडवायच्या गोष्टी’ असं लिहिलेल्या पानावर टाका. सातव्या आठवड्यात तिथूनच सुरुवात होते. बरा विचार करणं हे या पद्धतीचं काम नाही. खरा विचार करणं आहे.

पाचवा आठवडा: घराचे अलिखित नियम

मनातली वाक्यं दोन आठवडे जमली की त्यांच्यामागे तीन-चार नियम सापडतात. ते कुणी शिकवलेले नसतात. आई-वडिलांच्या संसारातून आलेले असतात.

कृती १२. एक वाक्य घ्या आणि खाली खाली उतरत जा. ‘ते खरं असेल तर माझ्यासाठी त्याचा अर्थ काय?’ हा एकच प्रश्न तीन-चारदा विचारा.

‘आई बोलल्या तेव्हा हे गप्प राहिले.’ त्याचा अर्थ? ‘हे माझ्या बाजूने नाहीत.’ त्याचा अर्थ? ‘या घरात मी परकीच.’ नियम सापडला: नवऱ्याचं प्रेम असेल तर तो आईसमोर बायकोची बाजू घेतो.

त्याच्याकडून उतरलं तर: ‘बोललो तर आईला लागेल.’ त्याचा अर्थ? ‘म्हातारपणी आईला मुलाने दुखावलं.’ नियम: चांगला मुलगा आईला उलटून बोलत नाही.

दोन चांगल्या माणसांचे दोन चांगले नियम एकाच स्वयंपाकघरात भिडलेले असतात. हे दिसलं की ‘हा वाईट’ आणि ‘ही वाईट’ हा निकाल आपोआप सैल होतो.

कृती १३. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी लिहा: तो कुठून आला, त्याने आजवर काय दिलं, तो किती महाग पडतो. मग त्याचं सैल रूप लिहा. एलिस यांचा भर इथेच होता: इच्छा ठेवा, तिची आज्ञा करू नका. ‘त्यांनी आईसमोर माझी बाजू घ्यावी असं मला फार वाटतं. प्रत्येक वेळी तसं होणार नाही. झालं नाही म्हणून मी परकी ठरत नाही. पण नंतर एकांतात त्यांनी माझं ऐकून घ्यावं, हे मी मागेन.’

एक नियम जवळपास प्रत्येक जोडप्याच्या वहीत निघतो: खरं प्रेम असेल तर सांगावं लागत नाही, समोरच्याने ओळखून घ्यावं. ठरवून झालेल्या लग्नात, एकमेकांशी मोकळं बोलायला पहिली दोन वर्षं एकांतही न मिळालेल्या घरात, हा नियम फार दुखावतो. त्याचं सैल रूप दोघांनी आपल्या हाताने लिहून वहीच्या पहिल्या पानावर ठेवा: ‘मला हवं ते मी सांगेन. सांगितल्यावर मिळालेलंही खरंच असतं.’

सहावा आठवडा: बोलणं आणि ऐकणं

कृती १४. बसल्यावर पहिला प्रश्न: आज सांगायचं आहे की ठरवायचं आहे? या दोन वेगळ्या बैठका आहेत. ती मन मोकळं करत असते आणि तो तिसऱ्या वाक्याला तोडगा काढतो. तिला वाटतं ऐकलं नाही, त्याला वाटतं मदत केली तरी रुसली. या आठवड्यात फक्त सांगायचं.

कृती १५. टायमर दहा मिनिटांवर. एक बोलेल, एक ऐकेल; मग अदलाबदल. बोलणाऱ्याने ‘मला’पासून सुरुवात करायची, एकच प्रसंग घ्यायचा, आणि दोन-तीन वाक्यांनी थांबायचं. ऐकणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगून विचारायचं, ‘हेच म्हणून राहिली ना?’ होकार आला की पुढे. ऐकून घेणं म्हणजे कबूल करणं नव्हे, हे दोघांनी आधीच मान्य करा.

कसं ऐकू येईल, पाहा:

‘मंगळवारी तुम्ही उशिरा आले, फोन बंद. मले भेव वाटलं. रस्त्यात काही झालं का, असं येऊन राहिलं मनात.’
‘म्हणजे तू रागात नव्हती, घाबरली होती?’
‘दोन्ही. आधी भेव, मग तुम्ही दिसले तर राग.’
‘आधी घाबरली, अन् मी सुखरूप दिसलो तसा राग आला.’
‘हो.’

मग त्याची पाळी:

‘मले त्या रात्री ताट दिसलं नाही तर वाटलं, आपण नुसते पगार आणणारे.’
‘तुम्हाला वाटलं, तुमची काळजी कोणाले नाही.’
‘हो ना. भूकही लागली होती, ते वेगळं.’

पहिल्या दोन बैठका कृत्रिम वाटतील, हसूही येईल. येऊ द्या. बोलणारा ‘तुम्ही नेहमीच’वर घसरला तर ऐकणाऱ्याने एवढंच म्हणायचं: ‘एक प्रसंग सांग.’

सातवा आठवडा: लहान प्रश्न सोडवा

कृती १६. ‘सोडवायच्या गोष्टी’ या पानावरचा सर्वांत लहान विषय निवडा. जिंकण्याची सवय लहान विषयावर लागते. आपल्या जोडप्यासाठी: उशीर होणार असेल तर कळवणं.

कृती १७. सहा पायऱ्या, सामायिक वहीत.
एक, प्रश्न एका ओळीत, कुणालाही दोष न देता: ‘शिफ्ट लांबली तर घरी कळत नाही.’
दोन, पाच मिनिटं सुचेल ते लिहा, वेडगळ उपायही. नावं ठेवायची नाहीत.
तीन, प्रत्येक उपायाचे फायदे-तोटे.
चार, एक निवडा: ‘चार्जर कारखान्याच्या लॉकरमध्ये. अर्ध्या तासाहून जास्त उशीर असेल तर सोबत्याच्या फोनवरून मेसेज. मेसेज आला की ताट झाकून ठेवलेलं असेल, त्यावर प्रश्न नाहीत.’
पाच, एक आठवडा करून पाहा.
सहा, तारीख टाकून आढावा. जमलं नाही तर माणूस नापास झाला असं नाही, उपाय नापास झाला. दुसरा निवडा.

आठवा आठवडा: आता मोठा विषय

आता बागेचे पैसे. आंबिया बहाराची संत्री व्यापारी झाडावरच विकत घेतो, रक्कम एकदम येते, आणि ती भाऊ-भाऊ ठरवून वाटतात. ती वर्षभर ऐकते, ‘बागेचं तुले काय समजते.’ तो वर्षभर ऐकतो, ‘तुमचं सगळं भावासाठी.’ सात वर्षांचं भांडण.

कृती १८. आधी सांगण्याची बैठक, चौदाव्या-पंधराव्या कृतीप्रमाणे. त्याच दिवशी ठरवायचं नाही.

कृती १९. नंतर प्रत्येकाने पाच रकाने भरून आणायचे. पैशाच्या भांडणाखाली बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. तिच्या पानावर निघेल: ‘माझ्या मुलांच्या शिक्षणाचा निर्णय माझ्या पाठीमागे होतो.’ त्याच्या पानावर: ‘हिशेब मागितला तर भावाभावांत वितुष्ट येईल, बापाची बाग तुटेल.’

कृती २०. मोठ्या विषयाचे तुकडे करा आणि हातातला तुकडा उचला. वाटणी आज ठरणार नाही. पण ‘आपल्या वाट्याची रक्कम आली की आठ दिवसांच्या आत दोघांनी बसून कागदावर मांडायची: मुलांची फी, कर्जाचा हप्ता, आईचं औषध, तिच्या मशिनसाठी बाजूला ठेवायचे’ एवढं ठरू शकतं. बचत गटाचा हिशेब ती ठेवतेच. हा हिशेबही तिच्या हातात द्यायला काय हरकत?

कृती २१. काही प्रश्न सुटत नाहीत. सासूबाईंचा स्वभाव, त्याचं कमी बोलणं, तिचं माहेर लांब असणं. नील जेकबसन आणि अँड्र्यू ख्रिस्टेन्सन यांनी बदलाच्या तंत्रांना स्वीकाराची जोड दिली ती यासाठीच. अशा विषयावर एकच प्रश्न: हे असंच राहणार असेल तर आपण दोघं त्याच्या एका बाजूला कसे उभे राहू? अंगावर हात, अपमान, फसवणूक या गोष्टी मात्र स्वीकाराच्या यादीत कधीच टाकायच्या नाहीत.

नवव्या आठवड्यापासून

० ते १० चा आकडा पुन्हा लिहा आणि पहिल्या पानाशी ताडून पाहा. दोन अंकांनी वर आला असेल तर महिन्यातून एक बैठक पुरे: पंधरा मिनिटं चांगलं काय घडलं, पंधरा मिनिटं एक लहान प्रश्न. भांडणं परत होतील, आणि कधी होतील हेही बरंचसं माहीत असतं: पेरणीचे पैसे, दिवाळीला कुणाकडे जायचं, लग्नसराईतला आहेर, बागेची रक्कम. त्या चार तारखा आधीच वहीत टाका आणि त्यांच्या आठवडाभर आधी बसा.

अपेक्षाही मापात ठेवा. अमेरिकेत ख्रिस्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी १३४ जोडप्यांवर या घराण्यातले दोन उपचार करून पाहिले. ही जोडपी किरकोळ खटक्यांची नव्हती, वर्षानुवर्षं दुःखी होती. पाच वर्षांनी सुमारे निम्म्या जोडप्यांत ठळक सुधारणा टिकली होती. चौथ्या हिश्श्याहून थोडी अधिक जोडपी वेगळी झाली होती. प्रशिक्षित तज्ज्ञाच्या हाताखालचे हे आकडे आहेत. घरच्या वहीकडून त्याहून जास्त मागू नये.

आकडा हलला नसेल, खाली गेला असेल, किंवा दोघांपैकी एक वही उघडायलाच तयार नसेल, तर माणूस गाठा. एकटाच तयार असेल तरी त्याने जावं. साखळीची एक कडी बदलली तरी साखळी बदलते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, एम्स आहे. ‘मनोरुग्णालय’ या पाटीला बिचकू नका; बाह्यरुग्ण विभागात बोलून संध्याकाळच्या आत घरी परतता येतं. नागपूर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये कौटुंबिक तक्रारींवर समुपदेशन होतं. प्रकरण कोर्टात गेलं असेल तरी दार बंद होत नाही: कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ प्रमाणे न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो, आणि तिथे समुपदेशक असतात.

समुपदेशक निवडताना तीन प्रश्न विचारा: जोडप्यांसोबत काम करता का? घरी करायचा अभ्यास देता का? साधारण किती बैठका लागतील? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, तेही विचारा. पहिल्याच भेटीत निकाल देणारा, एकाची बाजू घेणारा, किंवा ‘मूल होऊ द्या, सगळं ठीक होईल’ असं सांगणारा असेल तर दुसरा शोधा.

जाताना दोन्ही वह्या सोबत न्या; वही तिसऱ्याला न दाखवण्याच्या नियमाला हा एकच अपवाद. कुणी काय केलं याची कैफियत पहिल्या भेटीत तोंडी मांडायला गेलात तर तिथेही मोठ्या भांडणापासूनच सुरुवात होईल. त्यापेक्षा आठ आठवड्यांतली पाच रकान्यांची पानं टेबलावर ठेवा आणि विचारा, आमची साखळी कुठे तुटत नाहीये?